शंभराच्या वर

जगाच्या पाठीवर सोळा-सतरा वर्षांची अशी एकही मुलगी नसेल, जिच्या अकरावी-बारावीची काळजी आमच्या मोठ्या भाऊजींनी वाहिली नाही. मुलगी चाडमधली असो, चिलीतली असो, नाहीतर आमच्या कामोठ्याच्या सोसायटीतल्या बी विंगची असो. तिचं नाव त्यांना ठाऊक नसतं, तोंड पाहिलेलं नसतं. पण तिच्या देशात तिच्या वयाच्या शंभर मुलींपैकी कितीजणी दहावीच्या पुढे वर्गात बसल्या आहेत, हे भाऊजींना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. उठवायचीही गरज नसते म्हणा, न विचारताच सांगतात. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. आकडेवारीच्या सरकारी कार्यालयात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले, आणि बाकीची माणसं निवृत्तीनंतर जसा कुंड्यांचा नाहीतर गुडघ्यांचा नाद लावून घेतात, तसा यांनी हा लावून घेतला: कुठल्या देशात मुलींचा अकरावी-बारावीचा पट किती. पट म्हणजे हजेरीपटावरची नावं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ते चौथ्यावर. खुर्ची सरकल्याचा आवाज आला की आमचे हे वर बघून म्हणतात, "दादा युरोपातून आफ्रिकेत गेला."

नोकरीवर त्यांचं प्रेम इतकं, की लग्नसुद्धा त्यांनी जनगणनेच्या सोयीने केलं. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक कार्याला सांगितली जाते. जनगणना तोंडावर आलेली, एकदा ती सुरू झाली की रजा मिळायची नाही, म्हणून भाऊजींनी मुलगी बघितली आणि तिथल्या तिथे माघातला पहिला मुहूर्त धरून मोकळे झाले. तिसऱ्या दिवशी हळदीच्या हातांनी घरं मोजायला हजर! साहेबांनी विचारलं, "अहो, तुमचं लग्न होतं ना?" तर म्हणाले, "झालं. नोंद करून घ्या." इथे सगळे हसतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून, गेली पंचवीस वर्षं, मीही हसत आलेय.

त्यांच्याबरोबर क्रिकेटची मॅच बघणं म्हणजे शिक्षा आहे. श्रीलंकेला आपण हरवलं, खाली पोरं फटाके लावतायत, आमचे हे सोफ्यावर उभे राहून नाचतायत, आणि भाऊजी शांतपणे समोशातला वाटाणा वेगळा काढत म्हणतात, "मॅच घेतलीत, ठीक आहे. मुलींच्या अकरावी-बारावीत मात्र अजून तेच पुढे आहेत." घरभर सुतक. न्यूझीलंडशी हरलो तेव्हा तर त्यांना नवलच वाटलं नाही. "पट बघितलाय का त्यांचा?" एवढंच म्हणाले. रिक्षात बसले तरी तेच. खांदेश्वर स्टेशनवरून घरी यायला दहा मिनिटं लागतात. एकदा रिक्षावाल्याला तीन मुली निघाल्या, आणि भाऊजी त्याच्याबरोबर गप्पा मारत थेट खारघरला पोचले. आमच्या कोळणीने मात्र त्यांना बरोबर ओळखलंय. ती इथल्याच जुन्या गावातली, तोंडाची तिखट. भाऊजींनी तिच्या टोपलीपाशी उकिडवं बसून धाकटी कितवीत, मोठीने सोडलं का, असं सुरू केलं, तशी म्हणाली, "ओ मास्तर, तुमी कोलंबी घेनार का माझ्या पोरी मोजनार? दोगी बी शिकतान, आता पिशवी धरा." भाऊजी कोलंबी विसरून आले, पण चेहरा कसा फुललेला. दोन वाढल्या ना!

दुसरं खूळ तळटिपांचं. आयुष्यभर सरकारी तक्ते केल्यामुळे, कुठलंही विधान डोक्यावर चांदणी आणि पायाशी खुलासा असल्याशिवाय करायचं नाही, अशी हाताला सवयच लागलेली. माझ्या लेकीला वाढदिवसाला कार्ड दिलं: "शतायुषी हो*". खाली मुंगीएवढ्या अक्षरात: "* सद्यःस्थितीतील सरासरी पाहता ही सदिच्छा समजावी." पोरगी रडली होती! सोसायटीच्या नोटिसा तेच लिहितात. "पाणी सकाळी सहा ते सात*" असं लिफ्टपाशी लागलं की माणसं आधी वाकून खालचं वाचतात, कारण खरं काय ते तिथेच असतं. आणि तिसरं, छेद. तुम्ही त्यांना कुठलाही आकडा सांगा, पहिला प्रश्न हाच: "छेद काय धरलाय?" लेक धावत सांगायला गेली, "काका, मला नव्वद मिळाले!" तर, "कितीपैकी?" म्हणून चष्मा कपाळावर. मी एकदा वैतागून म्हटलं, "भाऊजी, शंभरपैकीच असणार ना, आणखी कितीपैकी?" तर म्हणाले, "अगं, जगातली निम्मी फसवणूक छेदात असते."

या सगळ्यात माझ्या जाऊबाई कुठे असतात? चहाच्या कपामागे. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, पण सारखं ओठांत काहीतरी अडवून धरल्यासारखा चेहरा. भाऊजी कॉम्प्युटरवर देशांचे रकाने जुळवत असतात आणि जाऊबाई शेजारी मेथी निवडत असतात. मध्येच म्हणतात, "पेरूच्या खाली एक जास्त आला वाटतं." भाऊजी म्हणतात, "शक्यच नाही." दहा मिनिटांनी कॉम्प्युटरमागून घोगरा आवाज येतो, "आला खरा." जाऊबाई मेथी निवडतच असतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय, आणि या बाईचं गणित इतकं चांगलं कसं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आता त्याची लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी स्वतःच्या खर्चाने एक पांढरा फळा आणून लिफ्टशेजारी लावला. वर मथळा "मुलींचा अकरावी-बारावीचा पट", खाली देशांची उतरती यादी, आणि त्या यादीत, देशांच्याच रांगेत, आमची सोसायटी. ए विंग आणि बी विंग वेगळ्या. बी विंग वर, चांगल्या चांगल्या देशांत; ए विंग खाली. ए विंगवाले बिघडलेच. त्यांना कुठल्यातरी वाळवंटी देशाच्या खाली टाकलं होतं. वार्षिक सभेत पाण्याचा टँकर, पार्किंग सगळं राहिलं बाजूला आणि सेक्रेटरी फळ्यावरच घसरला. सेक्रेटरी आमचा तरुण, मोबाइलच्या दुकानाचा मालक, बोलायला फटकळ. "काका, तो स्वीडन बघा. शंभराच्या वर! काय फेकताय राव? शंभरातल्या शंभरच्या वर पोरी जातात कशा? डबल हजेरी लावतात का?" सभा हसली. भाऊजी मात्र उभे राहिले आणि अगदी आनंदाने समजावू लागले, कारण उभ्या आयुष्यात त्यांना कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. "छेदात फक्त त्या वयाच्या मुली. वर मात्र वर्गात बसलेल्या सगळ्या. वय काहीही असो. तिकडे राहून गेलेल्या बायका पुन्हा येऊन बसतात. चाळिशीच्या, पन्नाशीच्या. म्हणून आकडा शंभराच्या वर जातो." मागच्या रांगेतून एक आवाज आला, "खरंच बसतात?" मी वळून पाहिलं तर जाऊबाई. भाऊजी म्हणाले, "बसतात म्हणजे काय! आकडाच आहे तसा." आणि ते पुन्हा सेक्रेटरीकडे वळले.

नुसते बोलघेवडे असते तर मी हे लिहिलंच नसतं. जून लागला की भाऊजी खालच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसतात आणि दहावी झालेल्या मुलींचे अकरावीचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. पहिली फेरी, दुसरी फेरी, पसंतीक्रम, कुठलं कॉलेज किती टक्क्यांना बंद झालं, सगळं तोंडपाठ. गेल्या जूनमध्ये सोसायटीत त्या वयाच्या मुली सात. आधीच बारावीत असलेल्या धरून सहांची सोय झाली. सातवी ए-एकशेचारची. तिच्या वडिलांचं म्हणणं, पार्लरचा कोर्स करेल, काय टेन्शन आहे, दोन वर्षांत लग्नच करायचंय. भाऊजी त्यांच्याकडे रोज संध्याकाळी चहाला जाऊ लागले. वाद नाही, उपदेश नाही. नुसते बसायचे आणि दर दिवशी एका देशाची माहिती सांगायची. असे अकरा देश झाले. बाराव्या दिवशी त्या माणसाने दारातच हात जोडले, "काका, आत येऊ नका, मी सही करतो." ए विंग एका उडीत वाळवंटातून बाहेर आली.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि भाऊजी बोलायला उभे राहिले. इस्त्रीचा झब्बा, खिशात कागद, आवाज चढलेला. "आजपासून आपल्या सोसायटीचा मुलींचा अकरावी-बारावीचा पट शंभर टक्के!" टाळ्या कडकडून झाल्या. भाषण संपलं असं वाटलं हे त्याचं एक कारण. पण ए-एकशेचारची पोरगी खरोखर टाळ्या वाजवत होती. पेढे वाटले गेले. फळ्यावर लाल खडूने म्हणजे लाल मार्करने मोठ्ठं "१००%" आलं, आणि या वेळी चांदणी नव्हती. मी म्हटलं, "भाऊजी, तळटीप?" तर छाती पुढे काढून म्हणाले, "गरजच नाही. छेदातली एकही सुटलेली नाही."

नंतर आम्ही सगळे वर त्यांच्याकडे पोहे खायला गेलो. भाऊजींचं चालूच. एकही सुटली नाही, एकही नाही. जाऊबाई पोह्यांवर खोबरं घालत होत्या. घालता घालताच म्हणाल्या, "पटावर आहेत हो. पटावर काय, मीही होते."

भाऊजी म्हणाले, "कुठे?"

"बारावीला. सप्टेंबरात पट मोजायला साहेब आले होते आमच्या कॉलेजात. मी उभी राहून 'हजर' म्हटलं होतं. तुमच्या त्या वर्षीच्या आकड्यात मी असणार." त्यांनी बशी भाऊजींच्या पुढे ठेवली. "माघात तुम्ही आलात. परीक्षा दीड महिन्यावर होती."

आमचे हे बशीत बघायला लागले. भाऊजींनी विचारलं, "मी म्हटलं नव्हतं का, की लग्नानंतर दे म्हणून?"

"म्हटलं होतंत की. बघायला आलात तेव्हाच."

"मग?"

"मग काय. जनगणना होती. लिंबू हवंय का?"

पंचवीस वर्षं ज्या गोष्टीवर मी पोट धरून हसले, तिच्यात एक बारावीची मुलगी बसलेली होती आणि आम्हा कुणाला ती दिसली नव्हती. जगभरच्या मुली मोजणाऱ्या माणसालाही नाही. मला भाऊजींचा असा राग आला म्हणून सांगू! पण त्यांच्याकडे पाहिलं तर ते हातातला चमचा बशीला न लावता तसाच धरून बसले होते, आणि माझा राग काही टिकेना.

पुढचे आठ दिवस आमच्या डोक्यावर ना युरोप सरकला ना आफ्रिका. भाऊजी मॅच बघायला आले आणि कुठल्याही देशाबद्दल चकार शब्द न काढता समोसा वाटाण्यासकट खाऊन गेले. आमचे हे घाबरलेच. म्हणाले, डॉक्टरला दाखवू या का? फळ्यावर एवढाच बदल झाला, की "१००%" च्या डोक्यावर एक चांदणी आली. खाली मात्र काही नाही. नुसती चांदणी! माणसं सवयीने वाकायची, खाली कोरा फळा बघून सरळ व्हायची. सेक्रेटरीने विचारलं, "काका, स्टार कशाचा?" भाऊजी म्हणाले, "टीप यायची आहे."

मग एका सकाळी माझ्या दारात उभे. हातात सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती छापून आणलेली. हा फॉर्म भरला की कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसता येतं. "तू विचार तिला," म्हणाले. मी म्हटलं, "मी नाही. तेव्हा बघायला तुम्हीच गेला होतात ना? मग आताही तुम्हीच विचारा." बिचारे जिना चढून गेले आणि मी निर्लज्जासारखी मागोमाग गेले. जाऊबाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. "आता? लोक हसतील. बी विंगच्या पोरी शेजारच्या बाकावर असतील माझ्या."

"स्वीडनमध्ये..." भाऊजींनी सुरुवात केली.

"स्वीडनमध्ये स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"स्वीडनमध्ये?"

"इथे," भाऊजी म्हणाले.

जाऊबाई हसल्या. मी त्यांना अशा हसताना आधी पाहिलं नव्हतं. आता फॉर्मला दहावीची गुणपत्रिका हवी, दाखला हवा. भाऊजींनी लगेच कपाटं उघडली. त्यांच्या फायलींत मंगोलिया आहे, माल्टा आहे, पण स्वतःची बायको कुठल्या फायलीत असणार? ते शोधत राहिले आणि जाऊबाई आत जाऊन लग्नाच्या शालूच्या घडीतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत दोन्ही कागद, कोपरासुद्धा दुमडलेला नाही. "लागतील कधीतरी, म्हणून ठेवले होते," एवढंच म्हणाल्या. गणितात त्यांना किती होते ते मी सांगणार नाही, पण भाऊजींनी ते पाहून या खेपेला छेद विचारला नाही. मग दाखला हातात घेतला. त्यात एक रकाना असतो, 'सोडण्याचे कारण'. त्यात निळ्या शाईत एकच शब्द होता: विवाह. असे लाखो रकाने भाऊजींनी नोकरीत भरून घेतले असतील, बेरजा मारल्या असतील. या एका रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते उचलायला विसरले.

फॉर्म गेला. आणि मग आमच्या नशिबी नवा घोळ! बाहेरून बसणाऱ्यांना पटात धरत नाहीत, असा नियम. चार दिवस भाऊजी येरझाऱ्या घालत होते. मी म्हटलं, "अहो, आपल्या सोसायटीचा फळा, तुमचाच मार्कर. धरून टाका की!" तर म्हणाले, "आकड्याशी खोटं बोललो नाही कधी." मी कपाळावर हात मारून घेतला. पण गणपतीच्या आदल्या दिवशी लिफ्टपाशी ही गर्दी. पुढे घुसून पाहिलं, तर "१००%" पुसलेलं आणि त्या जागी "शंभराच्या वर*". सगळी सोसायटी एकदम वाकली. खाली मुंगीएवढ्या अक्षरात टीप आली होती: "* छेद सात, वर आठ. आठवी विद्यार्थिनी वयाने मोठी असून नियमानुसार पटात बसत नाही. तरीही धरली आहे. विलंबास आकडे गोळा करणारा जबाबदार." सेक्रेटरीने दोनदा वाचलं. त्याने फळ्याच्या कडेला कुणीतरी लिहिलेला दूधवाल्याचा नंबर तेवढा पुसून टाकला.

आता चौथ्या मजल्यावरून वेगळेच आवाज येतात. कुकर होतो, आणि भाऊजी ओट्याशेजारच्या कागदावर शिट्ट्यांच्या उभ्या रेघा मारतात, पाचवी आडवी. आमटी कधी खारट, कधी नुसतीच गरम. संध्याकाळी ए-एकशेचारची पोरगी वही घेऊन वर जाते आणि दोघी एकमेकींना अर्थशास्त्र म्हणून दाखवतात. जाऊबाईंना इंग्रजीची धास्ती आहे. पास होतील की नाही, मला खरंच माहीत नाही. त्यांनाही नाही. विचारलं की म्हणतात, "बसायचं तर आहे."

परीक्षा यंदा माघातच आली. काल मी वर गेले तेव्हा साताऱ्याच्या चुलतभावाचा फोन चालू होता, स्पीकरवर. मुलाचं लग्न काढलंय, मुहूर्त असा सुरेख मिळालाय, दादा तुम्ही घरातले थोरले, वहिनींना घेऊन चार दिवस आधीच या, तुमची ती जनगणनेची गोष्ट पोरांना ऐकवायचीय. आतल्या खोलीत जाऊबाईंचं पाठांतर थांबलं. भाऊजींनी गॅस बारीक केला, फोन जवळ घेतला.

"नाही जमणार रे."

"का हो दादा? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय झालंय?" भाऊजी आवाज खाली आणून म्हणाले, "घरात बारावी आहे."